कावळ्याची नेमणूक

दुष्काळात एलिया संदेष्टा करीथ ओढ्याकाठी लपून बसला होता आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देत होते, ही गोष्ट रविवारच्या शाळेत आम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा वर्गात चुळबूळ झाली. आमच्या ओळखीचा कावळा काही आणून देणाऱ्यांतला नव्हता. तो पत्र्यावर वाळत घातलेले बोंबील पळवणारा होता. आळीतल्या हिंदू शेजाऱ्यांकडे दहाव्याला त्याची केवढी मनधरणी चालायची हेही आम्ही पाहिलं होतं. पिंडाकडे ढुंकूनही न बघणारा हा पक्षी एलियाला दोन वेळचा डबा पोचवतो, आणि तोही मटणाचा, हे काही पटेना.

एका मुलानं हात वर केला. "बाई, कावळ्यांनी मटण आणलं कुठून?"

"देवानं दिलं."

"पण कुणाच्या घरचं दिलं?"

त्या मुलाला तास संपेपर्यंत बाकावर उभं राहावं लागलं. बाकावर उभं राहिल्यानं उंची वाढली, प्रश्न मात्र होता तिथंच राहिला. पुढं तीस-पस्तीस वर्षं त्या मुलानं ख्रिस्ती घरात राहून या प्रश्नाचा अभ्यास केला. हा लेख म्हणजे त्या अभ्यासाचा अहवाल आहे.

आमचं गाव नगर. आता अहिल्यानगर म्हणतात, पण आमच्या घरची सगळी उधारी नगर नावावरच झाली. हा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीवर सगळं ओतून झालं की ढग आमच्याकडे नुसते चौकशीला येतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली इथं आले. देवावर भरवसा ठेवायला शिकवायचं तर याहून सोयीची जागा त्यांना मिळाली नसती. इथला शेतकरी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, जून महिन्यात वर बघूनच बोलतो.

प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजी माणूस रोजचा पाव मागतो. मराठी माणूस रोजची भाकर मागतो. ज्या कुणी भाषांतरकारानं हा शब्द घातला, त्यानं नगर जिल्ह्यावर मोठे उपकार केले. पाव मागायचा तर पुढं बेकरीचा प्रश्न येतो. भाकर म्हटलं की काम परसातल्या चुलीवर भागतं. त्यातला 'रोजची' हा शब्द मात्र वाटतो तितका सोपा नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तो ग्रीक वाङ्मयात इतरत्र जवळजवळ सापडतच नाही. त्याचा अर्थ आजची, उद्याची की गरजेपुरती, यावर पंडित शेकडो वर्षं वाद घालत आले आहेत.

माझ्या आईला ग्रीक येत नव्हतं, तरी तिनं हा वाद कधीच मिटवला होता. ती रात्री चार भाकरी जास्त थापायची. आजची आज झाली, उद्याची सकाळी ताकात कुस्करून झाली आणि उरलेली गरजेपुरती, तेल-तिखट-कांदा घालून दुपारी चारला झाली. तिन्ही अर्थ एकाच परातीतून निघाले.

अरण्यात इस्राएली लोकांना देवानं रोज पुरवलेल्या मान्न्याचा नियम कडक होता. माणशी एक ओमर मोजून घ्यायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही. ठेवला तर किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा. आई हा अध्याय भक्तिभावानं वाचायची आणि पुस्तक मिटून ज्वारीच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घालायला उठायची. वडील विचारायचे, "अगं, देव रोजचं रोज पुरवतो ना?"

"पुरवतो की. हंगामात पुरवलं त्यानं. आता जपायचं काम माझं."

किडे पडण्यावर कडुलिंबाचा तोडगा मोशेला सुचला नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटत असावं.

पण हीच बाई रविवारी उपासना सुटली की एकदम बेहिशेबी व्हायची. चर्चच्या आवारात सलाम घालता घालता तिचं लक्ष परगावाहून आलेल्या कुणा कुटुंबाकडे जायचं. "जेवूनच जा. प्रभूच्या दयेनं दोन घास आहेत." घरी अर्धा किलो मटण आणि आम्ही पाच जण, हा हिशोब वडिलांच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी उमटायचा. ते नजरेनं 'किती?' विचारायचे, आई नजरेनंच 'देव पुरवील' म्हणायची, आणि देवाची व्यवस्था काय असते हे मला ठाऊक असायचं. मला वाण्याकडे बटाटे आणायला पिटाळलं जायचं.

पाच भाकरी आणि दोन मासे यांच्यावर पाच हजार पुरुष जेवले आणि बारा टोपल्या उरल्या, ही घटना चारही शुभवर्तमानांत आहे. ती नेमकी कशी घडली ते कुणीच लिहिलेलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात मात्र मी ती पायरीपायरीनं पाहिली आहे. आधी बटाटे पडतात. मग वाटण वाढतं, त्यात भाजलेलं सुकं खोबरं जास्त. मग पाणी. मग तिखट, म्हणजे पाणी लक्षात येत नाही. शेवटी यजमानांच्या मुलांना डोळ्यानं दटावलं जातं, "तुम्हाला रस्सा आवडतो ना?" आम्हाला रस्सा आवडायचा. पाहुणे निघताना म्हणायचे, "वहिनी, हात धरून प्रभूनंच बनवलंय." आमच्या पुढ्यात फोडी असायच्या बटाट्याच्या. गालील समुद्राच्या काठी ज्या पोरानं आपला डबा दिला, त्याला पुढं मासा मिळाला की नाही, याची कुणी चौकशी केलेली नाही.

भरवशावर जगण्याचे आमच्याकडे थोर दाखले आहेत. जॉर्ज म्युलर नावाच्या भल्या माणसानं इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथाश्रम काढले. आयुष्यभरात दहा हजारांवर मुलं त्यांनी सांभाळली आणि पैशासाठी कुणा माणसापुढं हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं, हा नेम पाळला. त्यांची एक गोष्ट प्रत्येक प्रवचनात येते. सकाळी मुलं रिकाम्या ताटल्यांपुढं बसली आहेत, म्युलर देवाचे आभार मानताहेत, आणि दारावर थाप पडते. पाववाल्याला रात्री झोप लागली नाही म्हणून तो पाव भाजून घेऊन आला, आणि दूधवाल्याची गाडी नेमकी दारातच मोडली. लहानपणी मला या गोष्टीत दूधवाल्याची फार काळजी वाटायची. मोठेपणी आणखी एक बारीक गोष्ट कळली. आपण माणसांकडे मागत नाही, हे म्युलरसाहेब दरवर्षी छापील अहवालात जाहीर करत. भरवसा देवावर पूर्ण होता, पण माणसांना खबर असलेली बरी, एवढा व्यवहार ठेवला होता.

पंडिता रमाबाईंनी म्युलरचं चरित्र वाचलं होतं. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं, त्याची मुदत 1898 मध्ये संपली. त्याच सुमाराला दुष्काळानं उघड्यावर पडलेल्या मुली आणि बायका केडगावला येत होत्या. कुणीही व्यवहारी माणूस म्हणाला असता, आता नवी भरती बंद. रमाबाईंनी देवावर हवाला ठेवून दार उघडं ठेवलं. 1900 च्या आसपास मुक्तिसदनात दीड हजार माणसं होती.

पण हवाला ठेवून बाई जपमाळ ओढत बसल्या नव्हत्या. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती होती, शंभरावर गुरं होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. गुडघे टेकून उठलं की कुदळ हाती घ्यायची. आमच्या मंडळीतले काही भाऊ रमाबाईंचं नाव घेऊन 'प्रभू पुरवील' म्हणतात आणि टेकलेले गुडघे उचलतच नाहीत. त्यांना एकदा केडगावच्या विहिरीत डोकावायला न्यावं असं मला फार वाटतं. ढकलायचं नाही, नुसतं खोली दाखवायची.

दुसरं घराणं टिळकांचं. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे आमच्या नगरचे कवी. त्यांच्या हातात पैसा ठरत नसे. समोर गरजू दिसला की खिसा मोकळा. 1917 मध्ये तर त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. अशा पुरुषाच्या भरवशाबद्दल लोक आदरानं बोलतात आणि बोलावंच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना सारखं जाणवत राहतं की टिळकांचा भरवसा देवावर होता आणि घराचा भरवसा लक्ष्मीबाईंवर. प्रत्येक भरवसेवाल्या पुरुषामागं अशी एक बाई उभी असते, आणि तिच्या हातात डब्याचं झाकण असतं.

आता साक्षीकडे वळू. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग क्षणभर सगळे जमिनीकडे बघतात आणि एकदा एक जण उठला की रांग लागते. आमच्याकडे साक्षीचे ठरलेले विषय आहेत: गॅस, रेल्वे आणि जावई.

एका बहिणीनं सांगितलं, "शेवटची भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि सिलिंडर संपला. प्रभूनं एक भाकरीही कच्ची राहू दिली नाही." सगळे म्हणाले, "हालेलुया." माझी आई शेजारणीच्या कानात म्हणाली, "तरी मी हिला चार दिवस सांगत होते, नंबर लाव म्हणून."

मग एक काका उठले. मुलीला बघायला नागपूरला जायचं होतं. वेटिंग चौदा. घरच्यांनी प्रार्थना केली आणि चार्ट लागला तेव्हा तिकीट पक्कं, तेही खालचा बर्थ. काकांचे डोळे भरून आले. मला मात्र पुन्हा बाकावर उभं राहावंसं वाटू लागलं. काकांना जागा मिळायची तर चौदा जणांचं जाणं रद्द व्हायला हवं. कुणाला ताप आला असेल, कुणाची रजा नामंजूर झाली असेल. एवढ्यात मागच्या बाकावरचे एक सद्गृहस्थ खाकरले. गेल्याच बुधवारी त्यांनी विनंती दिली होती: मंडळींनी प्रार्थना करावी, पाठीत उसण भरल्यामुळं नागपूरचं तिकीट रद्द करावं लागलं. गाडी तीच होती. त्यांनी साक्ष दिली नाही. सभा सुटल्यावर काकांना एवढंच विचारलं, "खालचा होता ना? खिडकीकडचा? हं. तो चांगलाय."

वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेनंतर वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरते. जी चिठ्ठी हाती येईल ते तुमचं वर्षाचं वचन. एका वर्षी वडिलांना शत्रूंवर विजयाचं वचन आलं. तेव्हा शेजारच्या घराशी बोअरच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. वडील वर्षभर त्या भिंतीकडे वेगळ्याच शांतपणानं बघायचे. आईला मात्र सलग तीन वर्षं मेंढपाळाचं वचन आलं. सगळे म्हणाले, केवढी कृपा. चौथ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की त्या चिठ्ठीचा एक कोपरा दुमडलेला आहे. चिठ्ठ्या गुंडाळायचं काम महिला मंडळाकडे असायचं आणि आई महिला मंडळाची खजिनदार होती. मी विचारलं तर म्हणाली, "देवानं बोटं कशाला दिलीत?"

पण देव पुरवतो म्हणजे कुणाच्या खिशातून पुरवतो, हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर सुगीच्या सणाला यावं. हंगामाचं पहिलं पीक वेदीपुढं मांडतात. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, वांगी, अंड्यांची पाटी, पाय बांधलेला कोंबडा. कोंबडा प्रवचनात बरोबर आमेनच्या जागी ओरडतो. उपासना झाली की आवारात लिलाव. एकदा एका म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं. तिच्याकडे कोंबडीही एकच होती. लिलाव पुकारणाऱ्यानं अंडं दोन बोटांत धरून वर केलं.

"दहा रुपये!" एक जण म्हणाला.

"पन्नास!" सोसायटीचे चेअरमन म्हणाले.

"शंभर!" हे माजी चेअरमन.

यानंतर अंड्याचा अंड्याशी संबंध उरला नाही. अंडं पाचशे एकला सुटलं. घेणाऱ्यानं ते तिथंच पुन्हा देवाला अर्पण केलं, म्हणून दुसऱ्यांदा लिलाव झाला आणि ते तीनशेला गेलं. तिसऱ्यांदा ते हातातून निसटलं. म्हातारी पहिल्या ओळीत बसून हे सगळं बघत होती. आपल्या कोंबडीनं एका सकाळी आठशे एक रुपये अर्पण केले, हे ती पुढं वर्षभर सांगत होती. देवाला निधी हवा होता. त्यानं म्हातारीची श्रद्धा, एक अंडं आणि दोन चेअरमनांचं वैर एवढ्या सामानात तो उभा केला. दूधवाल्याची गाडी मोडण्यापेक्षा हे मला जास्त चमत्काराचं वाटतं.

आता मूळ प्रश्न. कुणाच्या घरचं?

मी सहावीत होतो. मार्च संपत आलेला. त्या वर्षी मंडळीची वर्गणी जमली नव्हती आणि पाळकसाहेबांचा पगार दोन महिने झाला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी त्याबद्दल प्रार्थना चालवली होती. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे नव्हते, म्हणजे मटणात बटाटे नव्हते. असा योग वर्षातून दोनदा यायचा. मी ताट घेऊन बसलो तर आई पितळी डब्यात रस्सा ओतत होती. खालच्या कप्प्यात चार भाकरी, वरच्या कप्प्यात मटण. फोडी निवडून, नळीसकट.

"हे पाळकसाहेबांकडे दे."

"आणि आपल्याला?"

"आपल्याला रस्सा आवडतो."

मी निघालो. डबा गरम होता, कडी हाताला चटके देत होती, आणि झाकणाच्या फटीतून येणारा वास सरळ माझ्या डोक्यात जात होता. पोस्टाच्या कोपऱ्यावर दिव्याचा खांब होता. तिथं मी डबा खाली ठेवला. हात भाजत होता म्हणून, हे देवाला माहीत आहे. मग झाकण नीट बसलंय का ते पाहिलं. नीट बसलं होतं. तरी उघडलं. एक फोड खाल्ली. नळी ठेवली. तेवढी भीती होती.

पाळकसाहेबांच्या दारावर थाप मारली तेव्हा आत सगळे गुडघे टेकून होते. काकूंनी दार उघडलं, डबा पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या काही बोलायचा प्रयत्न करू लागल्या, पण त्यांना बोलता येईना. शेवटी म्हणाल्या, "देवानं पाठवलं रे तुला." मला म्हणायचं होतं, नाही काकू, आईनं पाठवलंय. पण तोंडाला रश्शाचा वास होता, म्हणून बोललो नाही.

परत येताना त्याच खांबाखाली मला एलियाच्या गोष्टीचं उत्तर मिळालं. कावळ्यांनी मटण आणलं ते आमच्यासारख्याच कुणाच्या तरी घरचं होतं. त्या घरातल्या पोरांनी त्या रात्री रस्सा खाल्ला. पवित्र शास्त्रात त्यांचा उल्लेख नाही, कारण गोष्ट एलियाच्या बाजूनं लिहिली आहे.

पुढं पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली, मग एका शुक्रवारी पन्नास जणांबरोबर ती गेलीही. पाच महिने घरी होतो. त्या काळात मी 'देव पुरवील' हे वाक्य बायकोला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, "पुरवील हो. तोवर तुमचा बायोडेटा पुरवा त्याला." तिसऱ्या महिन्यात, महिनाअखेरीला, दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचा मुलगा स्टीलचा डबा घेऊन उभा. त्यांचं माळकरी घर. डब्यात पुरणपोळ्या होत्या. "आईनं दिल्यात. जास्तच झाल्यात म्हणाली."

जास्त झाल्या नव्हत्या. पुरणाच्या पोळ्या कुणाच्याच घरी जास्त होत नाहीत. आमच्याकडचा टेम्पोतून येणारा किराणा बंद झालाय, हे जिन्यावरून जाणाऱ्या बाईला बरोबर कळलं होतं.

लेवीयाच्या पुस्तकात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. यहुदी माणसानं तो खायचा नाही. तरीही संदेष्ट्याला जेवण पोचवायची वेळ आली तेव्हा देवानं त्या यादीकडे पाहिलं नाही. कोण कुठल्या घरातून येतो, कुणाच्या गळ्यात माळ आहे आणि कुणाच्या गळ्यात क्रूस, याची चौकशी भुकेल्याला करायची नसते, आणि पाठवणाऱ्यानं ती कधीच केलेली नाही.

मी डबा घेतला. मुलगा जायला वळला, पण थोडा घुटमळला. त्याच्या उजव्या गालावर, ओठाच्या जरा वर, पुरणाचा एक पिवळा कण होता.

मी त्याला आत बोलावलं, डब्यातली एक पोळी बशीत घातली आणि वर तूप सोडलं.

"नको काका, मी खाल्लीय."

"माहीत आहे," मी म्हणालो. "बस."